चार मतं दिली, आता फोन कुणाला करायचा?

घणसोलीकर
जानेवारी २०२६मध्ये महापालिकेच्या निवडणुकीत मशीनवर चार वेळा बटण दाबून आलो. एकाच प्रभागात चार जागा, अ, ब, क, ड. परत येताना बायको म्हणाली, "उद्या गल्लीतला दिवा गेला तर यातल्या कुणाला फोन करायचा?" मला सांगता आलं नाही. २०१५ला नवी मुंबईत एका वॉर्डाला एकच नगरसेवक होता. चेहरा ओळखीचा, शिव्या घालायलाही सोपं. मे २०२०मध्ये ती मुदत संपली आणि पुढे साडेपाच वर्षांहून जास्त काळ सरकारने नेमलेला प्रशासक. राज्यघटना म्हणते, पाच वर्षं संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. असो.
आता १११ जागा २८ प्रभागांत बसवल्यात. २०११च्या जनगणनेने धरलं तरी प्रभागात सरासरी चाळीस हजार माणसं. एवढी घरं पालथी घालायची तर पैसेवालाच हवा, अपक्षाने काय करायचं? मुंबईत मात्र २२७ वॉर्ड आजही एकेकाचेच. निम्म्या जागा महिलांना, मागासवर्गीयांना त्यांच्या, म्हणजे कागदावर सगळे आत आलेत. पण ज्याला जाब विचारता येत नाही तो प्रतिनिधी असून नसल्यासारखाच.

पामबीच
असहमत. त्या साडेपाच वर्षांत तुमचं नेमकं काय अडलं? कचऱ्याची गाडी सकाळी येत होती, मोरबे धरणाचं पाणी येत होतं. मधले दलाल गेले हा फायदाच. आपल्यासारख्या देशात आधी कारभार धड हवा, सहभाग वगैरे नंतर. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७०ला, महापालिकेची पहिली निवडणूक झाली १९९५ला. पंचवीस वर्षं नगरसेवकावाचून सेक्टर उभे राहिलेच ना?

खाडीकाठ
कुणाच्या खाचरांवर उभे राहिले तेही लिहा की. ९५ गावांची जमीन गेली, भाव ठरवताना गावाला कुणी विचारलं? १९८४च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले. गेलेल्या जमिनीच्या बदल्यातले साडेबारा टक्क्यांचे भूखंड त्यानंतरचे. धड कारभाराचं बिल गावांनी भरलंय साहेब.

नेरूळची माई
राखीव जागा "कागदावर" म्हणण्याआधी हे ऐका. आमच्या नात्यातल्या एक काकू राखीव वॉर्डातून निवडून आल्या (गाव-शहर सांगत नाही). फ्लेक्सवर काकांचा फोटो मोठा, काकू कोपऱ्यात. वर्षभर फोनही काकाच उचलायचे. मग काकू सभेची विषयपत्रिका ओट्याशी उभ्या राहून वाचायला लागल्या. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन पानं, न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. तिसऱ्या वर्षी एका कामाच्या अंदाजपत्रकात तीच गल्ली दोनदा धरलीय हे त्यांनीच पकडलं. काकांच्या लक्षातही आलं नव्हतं.
पुढच्या आरक्षण सोडतीत वॉर्ड खुला झाला. तिकिटाचा अर्ज काकांनी भरला, काकूंना कुणी विचारलंसुद्धा नाही. बाई कुठे कामाला मुरते तोवर सोडत फिरते. भांडायचं तर त्या फिरण्यावर भांडा.

परत आलेला
कामानिमित्त ढाक्यात आणि काठमांडूत राहिलोय, म्हणून दोन पैसे. बांगलादेशात १९९७पासून युनियन परिषदेत (आपल्या ग्रामपंचायतीसारखी) महिलांच्या तीन राखीव जागा थेट निवडून येतात. पण नऊ वॉर्डांना नऊ सदस्य वेगळे असतात आणि राखीव जागेवरची बाई तीन वॉर्ड मिळून एक. मतं तिप्पट लोकांकडे मागायची, आणि काम काढलं की त्या वॉर्डाचा सदस्य म्हणणार, हे माझं क्षेत्र.
नेपाळचं उलटं. तिथे २०१७ला एकेका वॉर्डातून पाच जण निवडले गेले, म्हणजे आपल्यापेक्षा एक जास्तच. त्यात दोन महिला हव्यात, त्यातली एक दलित. पण पाचांत एक वॉर्ड अध्यक्ष असतो, त्याला कार्यालय असतं, दाखल्यासाठी लोक थेट तिथे जातात. पालिकेत प्रमुख-उपप्रमुखपदांना पक्षाने दोन उमेदवार दिले तर एक महिला लागतेच. बहुतेक पक्षांनी बायकांना उपप्रमुखपदावर बसवलं, हे खरं. तरी न्यायिक समिती उपप्रमुखाकडे असते, त्यामुळे भांडण घेऊन माणूस तिच्याकडेच येतो. तेव्हा घणसोलीकर, चार जण ही अडचण नाही. चौघांत कुणाकडे काय, हे ठरलेलं नाही ही अडचण आहे.

तलावपाळी
इकडे ठाण्यातही तेच, १३१ जागा आणि ३३ प्रभाग. पण तुम्ही सगळे मतदारांचंच बोलताय. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताई चौदा वर्षं वागळे इस्टेटच्या बाजूला भाड्याने राहतात, मत सांगलीकडच्या जतला. १५ जानेवारीला माझ्या बोटावरची शाई बघून म्हणाल्या, "आमचं गावाकडं हाय." आणि कणीक मळायला लागल्या. ज्या नळावर त्या पहाटे रांग लावतात त्याच्याबद्दल मत देणार मी, ज्याच्या इमारतीला टाकी आहे.

पामबीच
मग मतदारयादीत नाव घालायचा फॉर्म ६ भरा की! पासबुक चालतं, गॅसचं किंवा विजेचं बिल चालतं. कुणी अडवलंय?

तलावपाळी
वीजबिल घरमालकाच्या नावाचं, सिलिंडर ब्लॅकचा, पासबुकावर पत्ता गावचा. आणि मालक भाडेकरार करत नाही, कारण मग भाडं दाखवावं लागेल.

पामबीच
हे मला माहीत नव्हतं. पण म्हणून प्रशासक वाईट होता असं सिद्ध होत नाही.

घणसोलीकर
नेपाळचा मुद्दा मान्य. चौघांतला एक प्रमुख ठरवून द्या, मी चारही बटणं आनंदाने दाबीन. बाकी आपल्या प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. तिथे भाड्याने राहणाऱ्यांतलं कुणी बसवता येईल, पण त्यालाही त्या भागातल्या मतदारयादीत नाव लागतंच.
ता.क. बायकोने चौघांना एका व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलंय. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने हात जोडले, चौथे ग्रुप सोडून गेले. दिवा सध्या चालू आहे.