अन्य भाषा, अंगात येणं आणि मेंदूचा फोटो

पूर्वभागकर: पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या भरात काहींच्या तोंडून कुणालाच न कळणारे बोल निघतात. त्याला ‘अन्य भाषा’ म्हणतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेंदूचे अभ्यासक अँड्र्यू न्यूबर्ग यांनी अशा ५ बायकांचे मेंदू तपासले, २००६ साली ते छापून आलं. भक्तिगीत गाताना आणि अन्य भाषेत बोलताना, अशी तुलना. बोलताना कपाळामागच्या भागाचा रक्तपुरवठा घटलेला दिसला. ताबा ठेवणारा भाग तोच. ‘मी बोलत नाही, माझ्याकडून बोलवलं जातं’ हे त्या उगाच म्हणत नाहीत. नवरात्रात अंगात येणाऱ्या बाईला ढोंगी ठरवणाऱ्यांनी वाचावं.

बाळीवेस_नास्तिक: पाच जणींवर काय सिद्ध करालास बे? मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांचा १९८६चा प्रयोग बघ. साध्या लोकांना अशा बोलण्याची टेप ऐकवली, सराव करून घेतला, बहुतेकांना असं बोलणं जमलं. देव नाही, तंद्री नाही.

पूर्वभागकर: शिकून येतं म्हणून खोटं? सायकलही शिकूनच येते, नंतर कुठं विचार करून चालवतो आपण? आणि न्यूबर्गनी देव सापडला असं म्हटलेलंच नाही.

तीन_भाषांचं_घर: दोघंही एक गोष्ट सोडताय. भाषातज्ज्ञ विल्यम सॅमरिन यांनी १९७२मध्ये दाखवलं की हे बोल भाषा नसतात; बोलणाऱ्याला येणाऱ्या भाषांमधलेच उच्चार उलटसुलट जोडलेले असतात. (आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड. आमच्यातलं कुणी बोललं तर ‘ळ’ नक्की येणार!) पण अंगात आलेली देवी असं बोलते का? ती चक्क मराठीत नाहीतर तेलुगूत ओटी मागते, सुनेला झापते, मागच्या वर्षीचा राहिलेला नवस काढते. ते सगळ्यांना कळतं, उत्तरं दिली जातात. त्या पाच बायकांच्या मेंदूचा फोटो इथं लावायचा कसा?

बाळीवेस_नास्तिक: हे बरोबर. सून झापायला तर ताबा चांगलाच लागतो, हाहा.

पूर्वभागकर: हसू नको. वर्षभर तोंड न उघडणारी बाई त्या एका दिवशी सासऱ्याला ऐकवते, ते खोटं म्हणायचं?

बाळीवेस_नास्तिक: तिनं ऐकवावं, माझं काही नाही. पण आजाऱ्याला दवाखान्याऐवजी तिच्यासमोर बसवलं, की माझा विरोध. अंगात आल्याचं सांगून लोकांना धाक घालणं महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

तीन_भाषांचं_घर: धाक घालणं गुन्हा. अंगात येणं नव्हे. कायदा नीट वाच.