प्रतिसाद: खापर एकट्या केलेबवर नको

२०२४ मध्ये शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) केलेब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला; त्याचं सगळं खापर वरच्या पोस्टमध्ये त्याच्याच डोक्यावर फोडलंय. चेंडू तो फार वेळ धरून बसतो हे कबूल, पण त्याला वाचवणारी पुढची लाइनच गळकी असेल तर पोरगं करणार काय? बेअर्सनी डेट्रॉईट संघाकडून बेन जॉन्सनला मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं त्याचाच गाजावाजा जास्त झाला. मला विचाराल तर खरी मेख २०२५ च्या मार्चमध्ये आहे: चीफ्स संघाकडून जो थूनी, रॅम्स संघाकडून जोना जॅक्सन, सेंटरला (लाइनच्या मधोमध) ड्रू डालमन. लाइनचे आतले तिन्ही गडी एकदम बदलले! जॅक्सन तर डेट्रॉईटमध्ये जॉन्सनच्या आक्रमणात खेळलेलाच. आणि थूनीसाठी मोजलं काय, तर २०२६ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) चौथ्या फेरीचा पिक, म्हणजे एक निवडीचा हक्क. फुकटातच की!