वसतिगृहाच्या विटा कोणी थापल्या, हे कॉलेजनं विचारायला हवं की नाही?

ग्रंथपाल_भंडारा:
आमच्या कॉलेजात मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम चालू आहे. मी खरेदी समितीवर आहे, म्हणून विटा बघायला भट्टीवर गेलो. कच्च्या विटांच्या ओळीत सहा-सात वर्षांची एक पोर उकिडवी बसून एकेक वीट उभी करत होती, दुसरी बाजू वाळावी म्हणून. वीट उचलायला तिला दोन्ही हात लागत होते. कुटुंब छत्तीसगडचं. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल (कामाआधीच आगाऊ पैसे) घेतलेली, आठवड्याला फक्त खर्चापुरती खर्ची, हिशेब पावसाळ्याच्या तोंडावर. मध्येच गावी जायचं झालं तर? बाप म्हणाला, "बायकापोरांना इथं ठेवून जा म्हणतात."

ही वेठबिगारीच आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असं कर्जच रद्द ठरवलंय. ब्रिटनमध्ये २०१५ पासून ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या संस्थांना आपल्या पुरवठा साखळीत गुलामी नाही ना, यासाठी काय केलं ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. त्यात विद्यापीठंही येतात. आपण फक्त सर्वात कमी दर बघतो. तो दर कोणाच्या अंगावरून उतरलाय, हे निविदेत कुठंच विचारलेलं नसतं.

भट्टीवाला_पवनी:
सर, मी भट्टी चालवतो. उचल मी कोणाच्या गळ्यात बांधत नाही, माणूस स्वतः येऊन मागते. पोरीचं लगन रायते, दवाखाना रायते. ब्यांक त्यायले दारात उभं करत नाही. उचल बंद केली तर त्यायच्या घरी दिवाळीले चूल कोण पेटवन? अन् उचल घेऊन रातोरात पळून गेले, तर माझा पैसा कोण देते? गुलाम म्हणणं सोपं आहे.

ग्रंथपाल_भंडारा:
भाऊ, उचल देऊ नका असं मी म्हणतच नाही. पैसे बुडाल्याचं तुमचं दुःखही खोटं नाही. पण वसुलीसाठी बायकापोरं अडकवून ठेवणं हे कर्ज नव्हे. आणि दर हजार विटांमागची मजुरी किमान वेतनाला पुरत नसेल, तर १९८२ सालीच सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलंय की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम हे संविधानाच्या कलम २३ खाली सक्तीचं काम ठरतं. तिथं साखळदंड लागत नाही, पोटाची मजबुरी पुरते.

माजी_प्राचार्य_यवतमाळ:
भावना पटते, मार्ग पटत नाही. पगाराव्यतिरिक्तच्या खर्चाचं सरकारी अनुदान वर्षानुवर्षं लटकतं, आम्ही खडू-डस्टरला महाग. भट्ट्या तपासायचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं. कायद्यानं जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या त्यासाठीच ठेवल्यात. मास्तरांनी शिकवावं.

मेसवाली_पोरगी:
प्राचार्य सर, मी कॉलेजात असताना (जिल्हा सांगत नाही) आई हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. पगार बँकेत यायचा, पण एटीएम कार्ड ठेकेदाराकडं. तो पैसे काढून निम्मेच हातात द्यायचा. कॉलेजच्या फायलीत सगळ्या पावत्या बरोबर होत्या. दक्षता समितीतलं कोणी आमच्या मेसमध्ये कधी आलं नाही. कॉलेजातले मास्तर मात्र रोज तिथं चहा प्यायचे.

भट्टीवाला_पवनी:
एक गोष्ट मीही सांगतो. मागं एका शाळेनं माझं बिल आठ महिने अडकवलं. तेव्हा मजुरायचा हिशेब मी कुठून करू? आधी संस्थेनं वेळेवर पैसे द्यावे, मंग आमाले विचारावं.

ग्रंथपाल_भंडारा:
हे मी मान्य करतो, आणि यात आमचाही दोष आहे. मंगळवारच्या बैठकीत ठराव मांडतोय: पुरवठादाराचं बिल ३० दिवसांत, मजुराचं कार्ड मजुराकडंच, उचल आणि हजेरी लिहिलेली वही प्रत्येक कुटुंबाच्या हातात, कोणालाही हंगामाच्या मध्यात घरी जायची मुभा, भट्टीवर पोरं कामाला दिसली तर माल परत. आणि त्या पोरीच्या कुटुंबाबद्दल तहसीलदारांना आजच लेखी दिलंय.

मेसवाली_पोरगी:
वही हिंदीतही ठेवा सर. छत्तीसगडच्या माणसाला मराठी आकडे कळतील, पण अटी वाचता येणार नाहीत. आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईला कार्ड कुठंय ते ठेकेदारासमोर विचारू नका.