नाशिकच्या द्राक्षबागेतलं मातीचं घर कोकणात चालेल का? (काजूच्या बागेत ४ खोल्यांचं गेस्ट हाऊस)

बोंडू_वेंगुर्ला:
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमची वडिलोपार्जित काजूची बाग आहे, मी राहतो डोंबिवलीला, आणि आता तिथे चार खोल्या काढून पाहुणे ठेवायचा विचार चाललाय. जानेवारीत नाशिकला एका वायनरीजवळ द्राक्षाच्या बागेत राहिलो होतो, ठोकून केलेल्या मातीच्या दीड फुटी भिंती, वर सपाट छप्पर, दुपारी बाहेर चटका आणि आत मस्त गार, एसी नाही काही नाही. बायको म्हणाली अस्संच बांधूया, तिकडे लोक द्राक्षं तोडायला येतात तर आपल्याकडे मार्च-एप्रिलला बोंडं गोळा करायला येतील. ओळखीच्या आर्किटेक्टने लगेच थ्रीडी चित्र पाठवलं, पश्चिमेला अख्खी काचेची भिंत, सनसेट व्ह्यू. गावी काकाला मोबाईलवर दाखवलं तर तो नुसता हसला आणि पान लावायला बसला. नक्की काय चुकतंय?

चिरेबंदी:
काका बरोबर हसला 😄 नाशिकला वर्षाला पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, आपल्याकडे ३००० च्या आसपास नाहीतर जास्तच, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, आडवा. सपाट छप्पर तिथे शोभतं, इथे दुसऱ्या पावसाळ्यात गळणार. पण खरी गोम वेगळीच आहे. जाड भिंत दिवसभराची उष्णता पिते आणि रात्री गार हवेत सोडते, म्हणून नाशिकला ती युक्ती चालते, तिथे रात्री पारा चांगला उतरतो. वेंगुर्ल्यात मे महिन्यातली रात्र आठव, घाम वाळत नाही, पंखा बंद झाला की माणूस उठून पडवीत येतो. इथे भिंतीच्या जाडीपेक्षा वाऱ्याला आरपार वाट पाहिजे, म्हणजे समोरासमोर खिडक्या, वर झरोके, उंच छप्पर. आणि पश्चिमेला काच म्हणजे दुपारभर भट्टी आणि जूनपासून नैऋत्येची झड थेट काचेवर. सूर्यास्त पडवीत बसून बघू देत की.

भिंतीला चिराच (जांभ्या दगडाचा) घे, जवळच्या खाणीतला, म्हणजे ट्रकचं भाडं आणि डिझेल दोन्ही वाचतं. खाणीतून ताजा काढलेला चिरा ओलसर, मऊ असतो, हवेवर राहिला की टणक होतो, म्हणून आणल्या आणल्या बांधायची घाई करू नको. आणि कृपा करून वर सिमेंटचं प्लास्टर आणि प्लॅस्टिक पेंट नको. मी स्वतः केलंय हे पाप, ठेकेदाराच्या नादी लागून. ओल आतच अडकली आणि श्रावणात भिंतीला पुरीसारखे फुगे, बोटाने दाबला की आत लाल पाणी. शेवटी सगळं खरवडून चिऱ्यांमधल्या फटी (दर्जा) चुन्याने भरल्या.

मातीतला_माणूस:
थोडा असहमत. मातीच्या भिंती कोकणात चालत नाहीत असं नाही हां, आमचं आजोळचं घर मातीचंच होतं, पणजोबांच्या वेळचं. फक्त खाली कमरेएवढं चिऱ्याचं जोतं आणि चारी बाजूंनी पडवी, त्यामुळे भिंतीला पाऊस कधी शिवलाच नाही. दोन वर्षं पडवीची कौलं परतली (काढून नीट लावली) नाहीत तेव्हा मात्र मागची भिंत बसली. तेव्हा आतल्या भिंती मातीच्या कर, बाहेरच्या चिऱ्याच्या, बायको पण खूश.

पागोळी:
मी दापोलीकडची, छपराबद्दल बोलते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या होमस्टेला हौसेने टाकलेले रंगीत पत्रे होते, त्यातले दोन शेजाऱ्यांच्या हापूसच्या कलमात जाऊन बसले, गुंडाळलेल्या पोळीसारखे. शेजाऱ्यांची कौलंही उडाली पण त्यांनी फुटली तेवढी बदलली आणि घर उभं केलं, आम्ही नव्या पत्र्यांच्या गाडीची वाट बघत ताडपत्रीखाली. शिवाय खाऱ्या वाऱ्यात पत्र्याचे स्क्रू आधी गंजतात, पत्रा नंतर.

दादा, कौलं घाला, उतार ३० अंशांच्या आसपास, कडेच्या आणि कोन्याच्या ओळी तारेने बांधून घ्या. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, वाऱ्याने पडवी उचलली तरी घर उघडं पडत नाही. (मंगलोरी कौल म्हणजे आपलं पुरातन असं सगळे सांगतात, ते १८६५ पासूनचं, मंगळुरात बासेल मिशनने कारखाना काढला तेव्हाचं. त्याआधी आपल्याकडे नळेच, म्हणजे गोल नळीसारखी गावठी कौलं.)

बोंडू_वेंगुर्ला:
बापरे, किती कामाचं सांगितलंत. पाण्याचं काय करू? विहीर एप्रिलअखेर तळ गाठते आणि पाहुणे नेमके मेमध्येच येणार.

चिरेबंदी:
हिशोब सोपा आहे. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुझं छप्पर १०० चौ.मी. धरलं तर ३००० मिलिमीटरला ३ लाख लिटर, गळती-सांड वजा करून अडीच तरी हाती लागेल. सगळं साठवायची गरज नाही. आठ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला हजारभर, दोन महिन्यांचे साठ हजार. तेवढी जमिनीखालची टाकी जोत्याच्या खोदाईबरोबरच करून घे, नंतर जांभ्यात खोदायचं म्हणजे ब्रेकरवाल्याचं घर भरणं. उरलेलं विहिरीच्या वरच्या अंगाला चर मारून जिरव.

संडासाची टाकी मात्र विहिरीच्या खालच्या अंगाला आणि लांब! जांभा स्पंजसारखा, घाण पाणी कुठून कुठे झिरपेल सांगता येत नाही. टाकीतून निघालेलं पाणी खडी आणि कर्दळीच्या वाफ्यातून फिरव, मग काजूला सोड.

मातीतला_माणूस:
आणि बांबू वापरणार असशील तर कुडाळला कोनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, तिथे प्रक्रिया केलेला माणगा (आपल्याकडचा भरीव बांबू) बघून ये. बागेतला कच्चा तोडून लावलास तर वर्षाच्या आत भुंगा पीठ पाडेल, पाहुण्यांच्या ताटात.

बोंडू_वेंगुर्ला:
काचेची भिंत रद्द, आर्किटेक्ट नाराज 🙏 काल काकाला फोन करून विचारलं, आता तू सांग कुठे आणि कसं बांधू. म्हणाला, "जुलयात ये, मांगरात दोन रात्री रव, पानी खयसून येता ता बघ, मगे काय ता चित्र काढ." (मांगर म्हणजे बागेतलं झोपडं.) तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, कुडाळपर्यंत. बायको येत नाही म्हणते.