एक गाणं, आणि त्यातली तुमची एक जागा

गाण्याचा विषय निघाला की आपण सगळेच 'काय गाणं आहे!' म्हणतो आणि तिथेच थांबतो. मला त्याच्या पुढचं ऐकायचंय. आवडतं एकच गाणं निवडा आणि त्यात तुम्ही नेमके कुठे अडकता ते सांगा. गळ्याची एखादी हरकत, एखादा शब्द, अंतऱ्यावरून धृपदाला परतायची रीत, तबल्याचा एखादा तुकडा, काहीही चालेल. दुसऱ्याने सांगितलेलं गाणं शोधून ऐका आणि त्यावर दोन ओळी लिहा. पटलं नाही तर तसं लिहा.

माझा एक आग्रह आहे. गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकाराचं नावही द्या. 'लताबाईंचं गाणं', 'आशाचं गाणं' एवढ्यावर भागवू नका. शब्द कुणीतरी लिहिलेत, चाल कुणीतरी रात्र रात्र घोळवलीय.

सुरुवात मीच करते. 'श्रावणात घननिळा बरसला'. शब्द मंगेश पाडगावकर, चाल श्रीनिवास खळे, आवाज लता मंगेशकर. एरवी भावगीतात पहिल्या अंतऱ्याची चाल बसली की पुढचे अंतरे त्याच वाटेने जातात. इथे खळेकाकांनी प्रत्येक अंतऱ्याला निराळी चाल दिलीय. क्लासमध्ये बाईंनी हे गाणं घेतलं तेव्हा पहिला अंतरा बसला म्हणून आम्ही मुली खूश होतो, आणि दुसऱ्याला पुन्हा पाटी कोरी! बाई पेटीवर अंतऱ्याची शेवटची ओळ वाजवून थांबायच्या आणि विचारायच्या, "आता इथून घरी कसं जायचं?" माझी जागा तीच. दर वेळी वेगळ्या दिशेने येऊन लताबाई 'श्रावणात'वर उतरतात, आणि कुठेही ओढून आणल्यासारखं वाटत नाही. हे गाणं गुणगुणायला सोपं वाटतं. म्हणायला घ्या, मग कळेल.

नाशिक, निवृत्त संस्कृत शिक्षक

'तोच चंद्रमा नभात'. शान्ता शेळके यांचे शब्द, चाल आणि स्वर दोन्ही सुधीर फडके यांचे.

'यः कौमारहरः' हा श्लोक मम्मटाच्या काव्यप्रकाश या काव्यशास्त्राच्या ग्रंथात येतो, तो मी वर्षानुवर्षं शिकवला. त्यात बोलते ती स्त्री. तोच नवरा, त्याच चैत्रातल्या रात्री, तोच कदंबावरून येणारा वारा, मीही तीच, तरी मन रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठच्या त्या वेतांच्या जाळीकडे ओढ घेतं. शान्ताबाईंनी बोलणारा पुरुष केला. मुळातली ओढ बाजूला राहिली आणि तिच्या ठिकाणी उणीव आली. सगळं जागच्या जागी आहे, फक्त आतली आर्तता गेलीय. वर्गात श्लोक झाला की मी हे गाणं म्हणून दाखवायचो. ज्यांना अन्वय जमला नव्हता त्यांनाही श्लोक कळायचा.

बाबूजी, म्हणजे फडके, या गाण्यात कुठेही गळा फिरवून दाखवत नाहीत. 'तोच', 'तशीच', 'तीच' यांतला प्रत्येक च इतका स्वच्छ लागतो की अर्थ हातात येतो. ती माझी जागा.

पुणे, एमएस्सीची विद्यार्थिनी

काका, आत्ता पुन्हा ऐकलं. चाल सुंदर आहे, पण मला त्यातला माणूस फार लवकर हार मानणारा वाटतो. तुम्ही सांगितलेली श्लोकातली बाई मला जास्त आवडली. तिला अजून काहीतरी हवंय.

मडगाव, बँकेत नोकरी

मला 'कट्यार काळजात घुसली'मधलं 'घेई छंद मकरंद' घ्यायचंय, आणि ते एक गाणं म्हणून घेता येत नाही, कारण ती दोन आहेत. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, १९६७ सालचं. पदंही त्यांचीच. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचं. बुवा आमच्या मंगेशीचे, त्यामुळे थोडा जास्त लिहिणार, सांभाळून घ्या.

नाटकात दोन घराण्यांचा झगडा आहे, पंडितजी आणि खाँसाहेब. आता झगडा दाखवायचा तर दोघांना वेगवेगळी पदं देणं सोपं होतं. इथे तेच शब्द दोघांच्या तोंडी आहेत. पंडितजींचं पद शांतपणे उलगडतं, प्रत्येक स्वराला बसायला वेळ देतं. खाँसाहेबांचं सुरू झालं की पहिल्या आवर्तनातच कळतं, हा माणूस कुणाची वाट बघणारा नाही. पंडितजींचं धानी रागातलं, खाँसाहेबांचं सालगवराळीत. राग ओळखता आला नाही तरी बिघडत नाही. गाणारी दोन माणसं स्वभावाने किती वेगळी आहेत ते चालीतच सांगून झालेलं असतं, संवाद नंतर येतात.

माझे बाबा गावच्या जत्रेतल्या नाटकांना ऑर्गनवर असायचे. आमच्याकडे जत्रा म्हटली की देवळासमोर नाटक हवंच, आणि बोलीभाषा कोंकणी असली तरी रंगमंचावर मराठी. खाँसाहेबांचं पद वाजवताना बाबा पायाखालच्या भात्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, नजर फक्त नटाच्या गळ्यावर. मूळ नाटकात खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे पुढची तान कुठून उचलतील याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणायचे. ध्वनिमुद्रण पाठ असूनही. माझी जागा म्हणजे वसंतराव एक तान संपवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात आणि तिथे न थांबता तिच्यातूनच पुढची काढतात ती. २०१५ च्या चित्रपटामुळे माझ्या भाच्यांना हे नाटक कळलं, त्याचा आनंदच आहे. पण आधी नाटकातली दोन्ही पदं एकापाठोपाठ ऐका.

नागपूर, गृहिणी

भाऊ, अभिषेकीबुवा तुमचे, पण दारव्हेकर मास्तर आमचे, नागपूरचे. आणि वसंतरावही मूळचे मूर्तिजापूरकडचे. म्हणजे या गाण्यात गोवा चालीत आहे आणि विदर्भ शब्दांत नि गळ्यात! दोन्ही ऐकली. मला पंडितजींचं जास्त भावलं. खाँसाहेबांचं ऐकताना थक्क व्हायला होतं, पण रात्री पुन्हा लावलं ते संथ पद.

सोलापूर

भीमसेनजींचं 'तीर्थ विठ्ठल'. त्यापुढे काही नाही.

पुन्हा मी, धागा काढणारी

सोलापूरकर, शब्द संत नामदेवांचे आणि चाल राम फाटक यांची, हे मी जोडते. पण जागा कुठली? ती सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

सोलापूर

सांगतो ताई. या अभंगात एकेक गोष्ट घ्यायची आणि ती विठ्ठल आहे म्हणायचं, बाकी काही नाही. तीर्थ, क्षेत्र, देव, पूजा, माता, पिता. तोच शब्द इतक्यांदा आला की कुणाच्याही तोंडी सपाट होईल. भीमसेनजींचा एक 'विठ्ठल' दुसऱ्यासारखा नाही. कधी हाक, कधी दम देऊन विचारल्यासारखा, कधी नुसताच श्वास सोडल्यासारखा. आमच्या दिंडीत हाच अभंग टाळ-मृदंगावर सगळे मिळून म्हणतात, तिथे एकट्याच्या गळ्याला वाव नाही, पायांना आहे. मला दोन्ही लागतात.

सोयगाव तालुका, कापूस आणि मका

'नभ उतरू आलं'. ना. धों. महानोर, हृदयनाथ मंगेशकर, आशा भोसले. चित्रपट 'जैत रे जैत', १९७७.

महानोर आमच्या पट्ट्यातले, पळसखेडचे, शेती करणारे. शेतकरी पावसावर लिहितो तेव्हा पाऊस खिडकीबाहेर नसतो, अंगावर असतो. या गाण्यात 'झिम्माड' हा शब्द येतो तिथे मी थांबतो. ओळी आखूड आहेत, ताल मागून ढकलत राहतो, आणि आशाबाई त्या शब्दाला जराही सजवत नाहीत. मृग कोरडा गेला त्या साली हे गाणं मी लावलंच नाही. ऐकवत नव्हतं.

उरण, मासळीचा व्यवसाय

'मी डोलकर'. शान्ता शेळके, हृदयनाथ, आवाज हेमंतकुमार आणि लतादीदी. आमच्यात हळदीला हे वाजलं नाही असं होत नाही. हेमंतदा बंगाली, त्यामुळे काही उच्चार आमच्या बोलीतल्यासारखे नाहीत, हे खरंय. पण माझे वडील होडीवरचे, ते म्हणायचे की आवाजात डोल आहे, भरतीला होडी उभी राहिल्यावर असतो तसा. धृपदाचा ठेका आणि वल्ह्याचा ठेका जुळतो. शान्ताबाई कोळीवाड्यातल्या नव्हेत, तरी शब्दांत परकेपणा कुठे सापडला नाही मला.

नांदेड, प्राध्यापक

इथे अजून भीमगीत आलं नाही म्हणून लिहितो. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते'. गीतकार वामनदादा कर्डक, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. संगीतकाराचं नाव मागितलंय, पण ही गाणी वामनदादांनी स्वतः गात गात गावोगाव पोचवली आणि पुढे प्रत्येक गायन पार्टीने आपल्या गळ्याप्रमाणे चाल फिरवली. मी कव्वालीच्या अंगानेही ऐकलंय आणि नुसत्या ढोलकी-पेटीवरही.

जयंतीच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीत मांडव पडतो. सुरुवातीची गाणी उत्साहाची, पोरं नाचतात, बाया ओवाळतात. मध्यरात्र उलटली की जुने गायक हे गाणं काढतात. मग नाच थांबतो. कारण हे गौरवाचं गाणं नाही, जाब विचारणारं आहे. लाखो लोक समोर बसलेले असताना कवी म्हणतो, तुझ्या मताचे पाच असते तर गोष्ट वेगळी असती. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्यांनाच विचारलंय हे. आणि विचारणारा बाहेरचा नाही, त्यांच्यातलाच, आयुष्यभर त्यांच्यासाठी गात फिरलेला.

माझी जागा 'पाच' हा शब्द. आमच्याकडचे एक वयस्कर गायक तिथे पेटीवरचा हात उचलून पंजा समोर धरायचे आणि पाच बोटं लोकांकडे करून क्षणभर थांबायचे. कोरसवाल्यांनाही तेव्हा तोंड उघडायची परवानगी नसायची. मी तेव्हा कॉलेजात होतो, पुढच्या रांगेत बसायचो, आणि तो पंजा आपल्याकडेच आहे असं वाटून मान खाली जायची. मोबाईलवर ऐकलेल्या कुठल्याही आवृत्तीत ती थांबण्याची हिंमत मला मिळाली नाही. सगळे घाईने पुढे जातात.

मराठी भावगीतांच्या यादीत ही गाणी सहसा घेतली जात नाहीत. का घेतली जात नाहीत, हे इथल्या जाणकारांनी स्वतःला विचारावं असं मला मनापासून वाटतं.

धागा काढणारी

सर, विचारायलाच हवं. मी शाळेत, क्लासमध्ये, रेडिओवर इतकं गाणं शिकले-ऐकले आणि वामनदादांचं एकही मला कुणी शिकवलं नाही. काल रात्री तीन वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं. त्यातल्या ढोलकीवरच्या साध्या गाण्यात शब्द सगळ्यांत जास्त लागतात.

पुणे, एमएस्सीची विद्यार्थिनी

सगळे जुन्यातच रमलेत म्हणून मी 'जोगवा'मधलं 'जीव रंगला' टाकते. शब्द संजय कृष्णाजी पाटील, संगीत अजय-अतुल, हरिहरन आणि श्रेया घोषाल. दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संगीतालाही. यातली दोन माणसं जोगते-जोगतीण, देवीला सोडलेली. ज्यांना एकमेकांवर जीव लावायची मुभाच नाही. ते लक्षात ठेवून ऐका. दोघंही आवाज मोठा करत नाहीत. नंतर 'सैराट'साठी याच अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला सिम्फनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं, तेही मला आवडतं, पण इथला संकोच तिथे नाही, आणि असायची गरजही नाही. तिथली पोरं उघड्या मैदानात धावतायत.

नाशिक, निवृत्त संस्कृत शिक्षक

बाळ, ऐकलं. हरिहरन यांचा खालचा स्वर फार जपून लावलेला आहे. 'सैराट' मला गोंगाटाचा वाटत होता, आज व्हायोलिनकडे लक्ष देऊन ऐकला. पुन्हा ऐकेन.

म्युनिक

आमच्या घरी सध्या फक्त 'नाच रे मोरा'. गदिमा, पु. ल. देशपांडे, आशाताई, चित्रपट 'देवबाप्पा', १९५३. लेकीने आंब्याचं वन पाहिलेलं नाही, मोर प्राणिसंग्रहालयात पाहिलाय. तिला मराठी बोलायचा कंटाळा येतो, पण हे गाणं जर्मन मैत्रिणींना शिकवते आणि त्यांचे उच्चार सुधारते.

कोल्हापूर, शिवणकाम

एवढे लोक बोलले आणि सुलोचना चव्हाणांचं नाव कुणी काढलं नाही! मग मीच काढते. 'फड सांभाळ तुऱ्याला ग आला'. गदिमा, वसंत पवार, सुलोचनाबाई. चित्रपट 'मल्हारी मार्तंड'.

ऊस आमच्या दारातला, त्यामुळे तुरा आला म्हणजे काय आणि कोल्हा शिरला म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. गदिमांनी एकही उघडा शब्द न वापरता सगळं सांगितलंय. सुलोचनाबाई डोक्यावरून पदर घेऊन गायच्या, हात जागेवर, जे करायचं ते आवाजात. ठसका म्हणजे नुसता जोर असं ज्यांना वाटतं त्यांनी 'सांभाळ' ऐकावं. त्या शब्दाला सुरुवातीला धक्का आहे आणि शेवट सोडताना लाड आहे, एका श्वासात. मशीन चालवताना मी तेवढी ओळ पुन्हा पुन्हा लावते.

हल्ली स्टेजवर ही लावणी इतकी जलद घेतात की लाड करायला वेळच उरत नाही. लय मूळचीच ठेवावी, एवढं माझं मत. आणि कुणाकडे बाईंच्या बैठकीच्या लावणीचं जुनं ध्वनिमुद्रण असेल तर कळवा, मला ते ऐकायचंय.