आधी तपासणीचा खोळंबा थांबवा

चाकणच्या गाडी कंपन्या सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरकडून दरवर्षी दरकपात घेतात, तशी संरक्षण खरेदीतही घ्यावी, असा मुद्दा मांडला जातोय. कच्चा माल, मशीनचा तास, टूलिंग (साचे, हत्यारं) असा खर्च फोडून तपासावा, हे पूर्ण पटतं. पण गाडीवाल्यांची कपात परवडते ती महिन्याच्या ऑर्डरचं शेड्यूल हातात असतं म्हणून. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बुशिंगचं (शाफ्टभोवती बसणाऱ्या नळीसारख्या भागाचं) सेटिंग एकदा लागलं की मशीन दिवसेंदिवस तेच काढतं. संरक्षणाच्या कामात नग मोजके, नग मशीनवर पकडायचं फिक्स्चर नवं, आणि पुढची ऑर्डर कधी येईल ते कोणीच सांगत नाही.

त्यात माल पाठवण्याआधीची तपासणी. गंजरोधक तेल लावून, कागदात गुंडाळून नग रॅकवर पडून, आणि निरीक्षक येईपर्यंत बँकेच्या कॅश क्रेडिटचं (खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) व्याज चालू. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यातली पेमेंटची 45 दिवसांची मुदतही माल पोचल्यावर सुरू होते, म्हणजे हा खोळंबा तिच्यात येतच नाही. मग आम्ही ते व्याज कोटेशनमध्येच धरतो आणि शेवटी सरकारच ते भरतं. तपासणीची मुदत ऑर्डरमध्ये लिहा, दोन-तीन वर्षांची मागणी एकत्र काढा. मग दरकपात मागा, आम्ही आनंदाने देऊ.