व्हिजिटिंग कार्ड स्कॅन केल्यावर ईमेल चुकतात, नावं दोनदा येतात

प्रश्न: कार्ड स्कॅनरने ४०० कार्डं घेतली. बरेच ईमेल चुकलेत, काही माणसं दोनदा आलीत. काय करू?

उत्तर: रिझोल्यूशन ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) ठेवा, त्याखाली बारीक टाइप फुटतो. चकचकीत कार्डावर उजेडाची तिरीप पडली की अक्षरं उडतात; शून्याचा ओ होतो, एकाचा एल. ईमेल मात्र डोळ्यांनी कार्डाशी ताडून पाहाच.

उत्तर: डुप्लिकेट नावावरून नको, फोन नंबरावरून शोधा. आधी सगळीकडे देशाचा कोड लावा, मधल्या मोकळ्या जागा आणि डॅश काढा, मगच मर्ज, म्हणजे दोन्ही नोंदी एक करा. त्याआधी बॅकअप!

उत्तर: देवनागरी नावं असतील तर सीएसव्ही (यादीची साधी फाइल) यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिप्या सांभाळणारं एन्कोडिंग) काढा, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. फोनमध्ये न्यायला व्हीकार्ड (संपर्कांची फाइल) बरं.